धान्यातला टॅक्स: १९२१ साली लेनिनच्या सरकारने नक्की काय बदललं

रशियन क्रांतीबद्दल वाचताना 'नेप' म्हणजे नवं आर्थिक धोरण हा विषय हमखास येतो आणि बहुतेक ठिकाणी तो एका ओळीत उरकतात, की १९२१ ला लेनिनने थोडंफार मार्केट चालू केलं, देश सावरला, मग स्टालिन आला आणि बंद केलं. पण सुरुवात मार्केटपासून झालीच नव्हती. सुरुवात झाली शेतकऱ्याकडून धान्य कसं घ्यायचं या एका प्रश्नावरून. आधी जे धान्य उचलून नेत होते त्याच्या जागी धान्यातच भरायचा एक टॅक्स आला, रशियनमध्ये 'प्रोदनालोग'. बदल बघायला गेलं तर कारकुनी वाटतो, पण बाकी सगळं त्याच्या मागून फरफटत आलं, आणि ते का हे कळलं की तो सगळा काळच बराचसा सोपा होतो.

आधी थोडं मागे जाऊ. १९१७ ला बोल्शेविक, म्हणजे लेनिनचा पक्ष, सत्तेवर आले आणि पहिल्याच झटक्यात जमिनीचा हुकूम काढला, जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना. शेतकरी खूश. पण शहरांचं काय? महायुद्ध चालू, रेल्वेचे हाल, कारखाने कपडा आणि खिळे बनवायच्या ऐवजी तोफगोळे बनवतायत, म्हणजे शेतकऱ्याला धान्य विकून विकत घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसत्या नोटा घेऊन तो काय करणार, त्यांची किंमत तर दर महिन्याला पडत होती. त्यामुळे धान्य गावात आणि भूक शहरात अशी परिस्थिती.

आता इथे एक गोष्ट लोक विसरतात. गावागावावर धान्याचा कोटा लावायची आयडिया बोल्शेविकांची नाहीच. झारच्या सरकारनेच १९१६ च्या शेवटी असा कोटा लावून बघितला होता, आणि झार गेल्यावर जे हंगामी सरकार आलं त्याने मार्च १९१७ मध्ये धान्याच्या व्यापारावर सरकारी मक्तेदारी जाहीर केली. म्हणजे तीन वेगवेगळ्या विचारांची सरकारं, तिघांनीही एकच औषध काढलं. फरक एवढाच की पहिल्या दोघांमध्ये ते जबरदस्तीने पाजायची ताकद नव्हती.

बोल्शेविकांनी ती ताकद उभी केली. मार्च १९१८ मध्ये जर्मनीशी केलेल्या ब्रेस्ट-लितोव्स्क तहात युक्रेनसारखा धान्याचा पट्टा हातचा गेला, आणि मे १९१८ मध्ये सरकारने अन्नधान्याची हुकूमशाहीच जाहीर केली, शब्दसुद्धा तोच वापरला. अन्न खात्याचा मंत्री त्स्युरुपा, त्याच्या हाताखाली शहरातल्या कामगारांच्या हत्यारबंद तुकड्या, त्या गावात जाणार आणि 'जास्तीचं' धान्य शोधून काढणार. त्याच्या जोडीला गावातल्या गरिबांच्या समित्या बनवल्या, की तुम्ही सांगा शेजाऱ्याने कुठे पेव पुरलंय, त्यातलं थोडं तुम्हालाही मिळेल. गावात भांडणं लावून धान्य काढायचा हा प्रकार काही महिन्यांत इतका अंगाशी आला की वर्ष संपायच्या आत त्या समित्या गुंडाळायला घेतल्या.

मग ११ जानेवारी १९१९ ला आली ती पद्धत जिच्यामुळे पुढचं सगळं महाभारत झालं, 'प्रोदराझव्योर्स्तका'. नाव जीभ वळवणारं आहे पण कल्पना सोपी आहे. आधी मॉस्कोत बसून ठरवायचं की सैन्याला आणि शहरांना मिळून किती धान्य लागणार. तो आकडा प्रांतांमध्ये वाटायचा, प्रांताने जिल्ह्यांमध्ये, जिल्ह्याने तालुक्यांमध्ये, आणि शेवटी प्रत्येक गावावर एक आकडा येऊन पडणार. गावाने मिळून तो भरायचा. एखाद्याकडे नाही निघालं तर त्याचा वाटा बाकीच्यांनी भरायचा. हिशोब वरून खाली, गरजेवरून सुरू होणारा. शेतात किती पिकलं हा प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही.

आपल्याकडे घरातल्या जुन्या माणसांना विचारा, लेव्ही आठवत असेल, सरकार ठरवेल तेवढी ज्वारी किंवा भात सरकारने ठरवलेल्या भावाने घालायचा आणि मनातल्या मनात शिव्या द्यायच्या. तोंडवळा तोच, पण लेव्हीत निदान हातात पडलेल्या पैशातून काहीतरी विकत घेता येत होतं. तिथे कागदोपत्री ठरलेला सरकारी भाव होता, पण त्या पैशात काही येतच नव्हतं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, लेनिनने स्वतः नंतर लिहून ठेवलंय की आम्ही शेतकऱ्याकडून सगळं जास्तीचं धान्य घेतलं, कधीकधी जास्तीचं नाही तर त्याच्या खाण्यातलंसुद्धा घेतलं, आणि बहुतेक सगळं उधारीवर, कागदी नोटा देऊन.

वसुली मात्र वाढत गेली. १९१८-१९ च्या हंगामात सुमारे ११ कोटी पूद, पुढच्या हंगामात २१ कोटींच्या आसपास. (पूद म्हणजे साधारण १६.४ किलो, तिथलं जुनं माप.) वरून बघणाऱ्याला वाटणार की पद्धत चालतेय की. लाल सैन्य, म्हणजे बोल्शेविकांचं सैन्य, जेवलं, विरोधकांशी चाललेलं यादवी युद्ध जिंकलं, हे खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आतून काय होत होतं ते समजायला थोडं गणित करावं लागेल, कंटाळू नका, चौथीच्या पुढचं नाहीये.

त्या काळात सरकारने माणशी वर्षाला १२ पूद धान्य खाण्यासाठी ठेवायची परवानगी दिली होती, वर थोडा भरड वेगळा. समजा घरात सहा माणसं आहेत. म्हणजे ७२ पूद ठेवायचं, त्यावरचं सगळं जास्तीचं. आता याच्या शेतात १०० पूद पिकलं तर सरकार २८ नेणार. हा जास्त राबला, पडीक तुकडा नांगरला, १५० पिकवलं, तर सरकार ७८ नेणार. त्याच्याकडे दोन्ही वेळेला ७२ च. म्हणजे जादा ५० पूद पिकवायला जो घाम गाळला त्याचं त्याला शून्य मिळालं, वर बियाणं आणि बैलाच्या जागी राबणारा घोडा झिजला तो वेगळाच. आणि फक्त ७२ पुरतंच पेरलं तर? तर निदान कागदावर तरी त्याचं काहीच जाणार नाही. तर मग शहाणा माणूस काय करेल? शेवटच्या पुदावर शंभर टक्के टॅक्स असेल तर तो शेवटचा पूद कुणी पिकवतच नाही. अर्थशास्त्रात याला मोठमोठी नावं आहेत, पण रशियन मुझिकला (शेतकऱ्याला तिथे मुझिक म्हणायचे) ती वाचायची गरज पडली नाही.

प्रत्यक्षात तर याहून वाईट होतं, कारण गावाचा आकडा वरून ठरलेला, त्यामुळे ७२ सुद्धा सुरक्षित नव्हते. आकडा पूर्ण होत नसेल तर तुकडी येऊन बियाण्याचं धान्यसुद्धा उचलायची. शेतकरी म्हणायचे, जमीन आमची पण भाकरी तुमची, पाणी आमचं पण मासे तुमचे, जंगल आमचं पण लाकूड तुमचं. आणि अजून एक भारी बोलणं त्या काळात फिरत होतं, की आम्ही बोल्शेविकांच्या बाजूने पण कम्युनिस्टांच्या विरोधात, कारण बोल्शेविकांनी जमीन दिली आणि हे कम्युनिस्ट कुठून आले ते धान्य नेतायत. पक्षाने १९१८ मध्ये नाव बदललं होतं, बोल्शेविकांचाच कम्युनिस्ट पक्ष झाला होता. तेच लोक.

तर पेरणी कमी झाली. जे पिकलं ते पेवात गेलं, हातभट्टीच्या दारूत गेलं, किंवा चोरून विकलं गेलं. या चोरट्या विक्रीवर शहरं जगत होती. पाठीवर पोतं टाकून रेल्वेच्या टपावर बसून गावात जायचं, घरातला कोट, घड्याळ, मीठ, जे असेल ते देऊन पीठ आणायचं, अशा लोकांना 'मेशोच्निकी' म्हणजे पोतंवाले म्हणायचे. सरकारी भाषेत हे सट्टेबाज, रस्त्यात त्यांना पकडायला खास नाकेबंदीची पथकं. पण लेनिननेच १९१९ च्या शेवटी मान्य केलं होतं की शहरात येणाऱ्या धान्यातलं साधारण निम्मं या पोतंवाल्यांकडून येतं. ज्यांना पकडायचं त्यांच्यावरच अर्धं शहर जेवतंय, आणि तरी पेत्रोग्राद (आजचं सेंट पीटर्सबर्ग) रिकामं झालंच, १९१७ ला वीस लाखांच्या वर असलेली वस्ती १९२० पर्यंत सात लाखांच्या आसपास आली, लोक गावाकडे पळाले कारण तिथे निदान बटाटा होता.

सरकारची यावरची पहिली प्रतिक्रिया काय होती माहितीये? पेरणीचाच हुकूम काढायचा. डिसेंबर १९२० मध्ये कायदा झाला की गावोगावी पेरणी समित्या बनवायच्या, कोणी किती पेरायचं ते सरकार ठरवणार, आणि बियाण्याचा साठा सरकारच्या निगराणीखाली. म्हणजे माणूस पेरत नाहीये कारण पिकवलेलं घेऊन जातात, त्यावर उपाय पिकवलेलं घ्यायचं कमी करणं नाही, तर पेरायची सक्ती. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात बोलका भाग वाटतो.

असं नाही की टॅक्सची कल्पना कुणाला सुचलीच नव्हती. खुद्द लेनिनच्या सरकारने ३० ऑक्टोबर १९१८ लाच धान्यातल्या टॅक्सचा हुकूम काढला होता, तो कागदावरच राहिला कारण यादवी युद्धाच्या धामधुमीत कोण घरोघर मोजणी करत बसणार, गावावर आकडा टाकणं सोपं होतं. मग फेब्रुवारी १९२० मध्ये लाल सैन्याचा प्रमुख ट्रॉट्स्की उरलमध्ये फिरून आला, त्याने बघितलं की हे चालणार नाही, आणि पक्षाच्या केंद्रीय समितीपुढे प्रस्ताव ठेवला की जप्तीच्या ऐवजी ठरलेल्या टक्क्यांचा टॅक्स घ्या. फेटाळला गेला. एक अख्खं वर्ष वाया गेलं, आणि ते वर्ष महागात पडलं.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात ना, तसंच झालं. ऑगस्ट १९२० मध्ये तांबोव प्रांतात शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, पुढारी अलेक्सांद्र अंतोनोव्ह, आणि हे काही दोनचारशे लोकांचं टोळकं नव्हतं, पलटणी असलेलं हजारोंचं सैन्य होतं. १९२१ च्या सुरुवातीला पश्चिम सायबेरिया पेटला, जिथून शहरांना धान्य यायचं, आणि उठाववाल्यांनी रेल्वे तोडली तसं तेही बंद. त्याच जानेवारीत मॉस्को, पेत्रोग्रादमधलं रेशन एक तृतीयांशाने कापलं. फेब्रुवारीत पेत्रोग्रादच्या कारखान्यांत संप. आणि १ मार्चला पेत्रोग्रादजवळच्या क्रोनश्टाट या नौदल तळावरच्या नाविकांनी बंड केलं, जे १९१७ च्या क्रांतीचे हिरो होते तेच. त्यातले कितीतरी शेतकऱ्यांची पोरं, घरून पत्रं येत होती की इथे काय चाललंय. त्यांच्या पंधरा मागण्यांमध्ये राजकीय मागण्या होत्याच, पण त्यात नाकेबंदीची पथकं काढा आणि शेतकऱ्याला त्याच्या जमिनीवर हवं ते करू द्या, फक्त मजूर लावू नका, हेही होतं.

पुष्कळ ठिकाणी लिहितात की क्रोनश्टाटमुळे टॅक्स आला. तसं नाहीये, तारखा बघा. लेनिनने ८ फेब्रुवारीलाच पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांच्या, बैठकीत एका कागदावर कच्चा मसुदा लिहिला होता, की जप्तीच्या जागी धान्याचा टॅक्स आणायची शेतकऱ्यांची मागणी मान्य करा, गेल्या वर्षीपेक्षा आकडा कमी ठेवा, आणि टॅक्स भरल्यावर उरलेलं वापरायची मोकळीक वाढवा. १४ फेब्रुवारीला तांबोवचे शेतकरी त्याला येऊन भेटले. म्हणजे निर्णय तांबोव आणि सायबेरियाने घडवला, क्रोनश्टाटने तो पक्षाच्या गळी उतरवायला मदत केली इतकंच. कारण मार्चमध्ये पक्षाचं दहावं अधिवेशन भरलं तेव्हा शेकडो प्रतिनिधी अधिवेशन सोडून बर्फावरून क्रोनश्टाटवर हल्ला करायला गेले होते, आणि १५ मार्चला लेनिनने टॅक्सचा विषय मांडला तेव्हा फार वाद घालायच्या मूडमध्ये कोणी नव्हतं. त्याचं म्हणणं साधारण असं, की बाकीच्या देशात क्रांती होत नाही तोवर रशियातली क्रांती शेतकऱ्याशी समझोता करूनच टिकेल. रियाझानोव्ह नावाच्या जुन्या नेत्याने याला 'शेतकऱ्यांशी केलेला ब्रेस्ट' म्हटलं, म्हणजे जर्मनीपुढे जशी माघार घेतली तशी आता मुझिकपुढे. टोमणा होता पण चुकीचा नव्हता.

२१ मार्च १९२१ ला हुकूम निघाला. त्यातल्या अटी नीट बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे टॅक्स जप्तीपेक्षा कमी असणार. घराघराची ऐपत, खाणारी तोंडं आणि जमीन बघून तो ठरणार, गरिबाला कमी किंवा माफ, जास्तवाल्याला जास्त टक्के. ज्याने पेरणी वाढवली त्याला सवलत. सामूहिक जबाबदारी बंद, म्हणजे शेजाऱ्याने नाही भरलं तर तुझ्या कणगीला हात लागणार नाही. आणि हे सगळं वसंतातल्या पेरणीच्या आधी जाहीर करायचं, आणि टॅक्स भरल्यावर जे उरेल ते पूर्णपणे शेतकऱ्याचं.

आकडा किती कमी झाला? जप्तीचं टार्गेट १९२०-२१ ला ४२.३ कोटी पूद होतं, टॅक्सचं ठरलं २४ कोटी पूद. टनांत साधारण ६९ लाखांवरून ३९ लाखांवर. मोठी कपात आहे, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात की बघा टॅक्स कमी केला म्हणून शेतकरी शांत झाला. पण माझ्या मते कपातीपेक्षा मोठी गोष्ट ती शेवटची अट आहे, उरलेलं तुझं, आणि ती आधी माहीत असणं. परत आपल्या सहा माणसांच्या घराकडे या. समजा १०० पुदावर २० टॅक्स बसला, ८० उरले. त्याने जास्त जमीन पेरून १५० पिकवलं आणि टॅक्सही वाढून ३० झाला, तरी १२० उरले. जादा पन्नासातले चाळीस त्याचे. (हे वीस-तीसचे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत.) जप्तीचा आकडा निम्म्यावर आणला असता पण 'पुढे लागलं तर अजून नेऊ' हे तसंच ठेवलं असतं, तर पेरणी वाढली नसती, कारण शेतकरी मार्चमध्ये पेरताना सप्टेंबरचा विचार करतो.

आता प्रश्न येतो की टॅक्सच घ्यायचा तर पैशात का नाही? धान्यातच का? काही लोक याला कम्युनिझमचं लक्षण समजतात, तसं काही नाही. शेतसारा धान्यात घेणं हा जगातला जुन्यातला जुना प्रकार आहे, आणि चीनमध्ये तर कम्युनिस्टांनी सत्तेत यायच्या आधी, यानआनच्या तळावर असल्यापासून 'सार्वजनिक धान्य' घेतलं, तो शेती टॅक्स शेवटी बंद झाला २००६ ला. रशियात कारण साधं होतं, पैसा मेलेला होता. १९२१ पर्यंत किमती महायुद्धाच्या आधीच्या हजारो पट झाल्या होत्या. सरकारने आज पैशात टॅक्स घेतला तर पोतं विकत घ्यायला जाईपर्यंत त्या पैशात वाटीभर येणार. आणि सैन्याला नोटा खायला घालता येत नाहीत. जिथे पैसा कामाचा नाही तिथे धान्य हाच पैसा.

पण धान्यात टॅक्स घेणं हे लय किचकट काम आहे, आणि पहिल्या वर्षी ते फारच किचकट करून ठेवलं. धान्याचा वेगळा, बटाट्याचा वेगळा, तेलबियांचा वेगळा, मग अंडी, लोणी, लोकर, गवत, कातडी, असे डझनभराहून जास्त वेगवेगळे टॅक्स. धान्याच्या टॅक्सला मोठा तक्ता, माणशी किती जमीन पडते ते एका बाजूला आणि त्या भागात पीक कसं आलंय त्याची प्रतवारी दुसऱ्या बाजूला, दोन्ही जुळवून दर काढायचा. आता हे करायला प्रत्येक घराची जमीन माहीत पाहिजे, आणि गावातला कोण आपली जमीन खरी सांगतो? जमीन लपवणं हा तिथला मोठा उद्योग झाला, पीकही कमीच सांगायचे. शिवाय माल शेतकऱ्याने स्वतः गाडीत घालून गोळा करायच्या केंद्रावर आणायचा, तिथे रांग, तिथे धान्य ओलं आहे, कचरा आहे म्हणून वजनात काट, मोजणाऱ्याच्या हाताखालून काय जातंय त्याचा पत्ता नाही, आणि गोळा झालेल्यातलं कुजून, उंदरांनी खाऊन किती जाईल तेही देवालाच माहीत. जुन्या वसुलीच्या तुकड्याही लगेच घरी गेल्या नाहीत, टॅक्स चुकवणाऱ्यांसाठी फिरती क्रांतिकारी न्यायालयं गावोगावी जात होती. खातं तेच, माणसं तीच, सवयी तीन वर्षांच्या. हुकूम बदलला म्हणून दार ठोठावायची पद्धत दुसऱ्या दिवशी बदलत नाही.

आणि तांबोव? तिथे जप्ती फेब्रुवारीतच थांबवली होती, टॅक्सही जाहीर झाला, आणि त्याच उन्हाळ्यात लाल सैन्याचा सेनापती तुखाचेव्स्की याला पाठवून उठाव चिरडला, ओलीस ठेवले, आणि जूनमध्ये जंगलात लपलेल्यांवर विषारी वायू वापरायचा लेखी हुकूम काढला. त्यामुळे हे सगळं लेनिनच्या दयाळूपणाची गोष्ट म्हणून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. सवलत आणि दडपशाही एकाच वेळी, एकाच सरकारकडून चालू होती.

त्यात निसर्गाने दगा दिला. १९२१ ला व्होल्गाच्या पट्ट्यात, समारा, सारातोव वगैरे भागात भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळ तिथे आधीही पडायचे, पण जुनं शेतकरी घर अशा वेळेसाठी थोडं धान्य बाजूला ठेवायचं, आणि जप्तीने नेमकं तेच साफ केलेलं होतं, पेरणीही आधीच कमी. पाऊस गेला आणि खाली काहीच आधार उरला नव्हता. या दुष्काळात आणि साथीत सुमारे ५० लाख माणसं मेली असं धरतात. देशाचं एकूण पीक १९१३ च्या निम्म्याहून कमी. दुष्काळी प्रांतांना टॅक्स माफ करावा लागला, २४ कोटींचं टार्गेट बरंच लांब राहिलं, आणि सरकारला अमेरिकेच्या हर्बर्ट हूव्हरच्या मदत संस्थेला आत घ्यावं लागलं, जी ऑगस्ट १९२२ च्या सुमारास दिवसाला एक कोटीहून जास्त लोकांना जेवण देत होती. म्हणून टॅक्सचं पहिलं वर्ष बघून तो फेल गेला का पास झाला हे ठरवताच येत नाही.

खरी गंमत 'उरलेलं तुझं' या दोन शब्दांनी केली. उरलेलं माझं, बरं, मग मी त्याचं काय करू? खाऊन खाऊन किती खाणार. ते कुठेतरी द्यायचं आणि त्या बदल्यात मीठ, कापड, रॉकेल, नांगराचा फाळ घ्यायचा. सुरुवातीला लेनिनच्या डोक्यात मार्केट नव्हतंच. त्याला वाटत होतं की सहकारी सोसायट्यांमार्फत सरकारी कारखान्यांचा माल आणि शेतकऱ्याचं धान्य यांची थेट अदलाबदल होईल, तीही आपापल्या भागातच. पण सरकारकडे द्यायला पुरेसा मालच नव्हता, जो होता तो महाग आणि भलताच, आणि शेतकऱ्याने सरळ दाराशी आलेल्या व्यापाऱ्याला विकायला सुरुवात केली. मे १९२१ पर्यंत खाजगी व्यापाराला कायदेशीर मान्यता द्यावी लागली. ऑक्टोबरमध्ये लेनिनने मॉस्कोच्या पक्ष परिषदेत कबूलच केलं की अदलाबदलीतून काही निघालं नाही, खाजगी बाजार आमच्यापेक्षा ताकदवान निघाला.

बाजार आला की पैसा लागतो, म्हणून त्याच वर्षाअखेरीस सरकारी बँक परत उघडली. पैसा लागतो तर तो टिकणारा पाहिजे, म्हणून १९२२ च्या शेवटी सोन्याचा आधार असलेलं 'चेर्वोनेत्स' हे नवं चलन आलं. सरकारी कारखान्यांना सांगितलं की रेशन बंद, विका आणि पगार द्या. शेतकरी पुढे गुंतवणूक करेल तर जमिनीची खात्री पाहिजे, म्हणून ऑक्टोबर १९२२ चा जमीन कायदा, मालकी सरकारची पण कसायचा हक्क लांबचा, आणि मर्यादेत खंडाने देणं आणि मजूर लावणं पण चालेल. आधी कुणी बसून नेपचा आराखडा केला आणि मग त्यातला एक भाग म्हणून टॅक्स आणला असं नव्हतं, टॅक्सच्या एका अटीने एकेक दार उघडायला लावलं.

टॅक्स स्वतःही बदलत गेला. मार्च १९२२ मध्ये ते डझनभर टॅक्स मोडून एकच केला, हिशोब राय नावाच्या धान्याच्या पुदात, म्हणजे तुझा टॅक्स इतके पूद राय, पण तू त्या किमतीचे बटाटे, मांस, लोणी काहीही दे, ठरलेल्या तक्त्याने बदलून धरू. १९२३ मध्ये एकच शेती टॅक्स आला, काही भाग धान्यात काही पैशात. आणि १९२४ पासून पूर्ण पैशात. धान्यातला टॅक्स तीनेक वर्षंच टिकला, ज्या कारणासाठी आणला ते कारण, मेलेला पैसा, दूर झालं आणि तो गेला. पिकंही सावरली, १९२५ पर्यंत जवळपास महायुद्धाच्या आधीच्या पातळीला आली.

मग बिघडलं कुठे? टॅक्स पैशात गेल्यावर सरकारला धान्य बाजारातून विकत घ्यावं लागणार, आणि शेतकरी परवडलं तरच विकणार. १९२३ मध्येच दिसलं की कारखान्याचा माल प्रचंड महाग आणि धान्य स्वस्त, दोन्हींचे भाव उलट दिशांना गेले, ट्रॉट्स्कीने त्याचा कात्रीसारखा ग्राफ काढून दाखवला आणि 'कात्रीचं संकट' हे नाव पडलं. ते कसंबसं निस्तरलं. पण १९२७ च्या शेवटी परत सरकारी खरेदी कोसळली, कारण सरकार देत होतं तो भाव कमी आणि दुकानात घ्यायला माल नाही, शेतकऱ्याने धान्य अंगणात ठेवलं किंवा जनावरांना घातलं. भाव वाढवणं हा एक मार्ग होता. स्टालिन जानेवारी १९२८ मध्ये सायबेरियात गेला आणि तिथल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की फौजदारी कायद्याचं १०७ वं कलम लावा, सट्टेबाजीचं, आणि धान्य जप्त करा. पेवं शोधणं, शेजाऱ्याने सांगितलं तर त्याला वाटा देणं, रस्त्यावर नाकेबंदी, सगळं परत आलं. १९२१ च्या कराराची अडचण ही होती की तो मोडला तर शेतकऱ्याला दाद मागायला कुठे जागाच नव्हती, ना कोर्ट ना मतदान ना दुसरा पक्ष, सगळी भिस्त सरकारच्या शब्दावर. आणि शेतकऱ्याचा शहाणपणा, कमी पेरणं आणि लपवणं, यालाच आता 'कुलाकांचा', म्हणजे सधन शेतकऱ्यांचा, 'कट' म्हणायला लागले.

त्यातून पुढे १९२९-३० ची सामूहिक शेतीची सक्ती आणि १९३२-३३ चा तो महाभयानक दुष्काळ. आणि त्याच दुष्काळाच्या ऐन मध्यावर, १९ जानेवारी १९३३ ला, सरकारने एक हुकूम काढला की यापुढे सामूहिक शेतांनी हेक्टरमागे ठरलेल्या दराने धान्य द्यायचं, ते टॅक्ससारखं सक्तीचं असेल, आकडा आधी सांगितला जाईल, आणि ते दिल्यावर उरलेलं तुमचं. यावेळी मात्र भावही सरकारनेच ठरवलेला होता, आणि तो नाममात्र होता.